बिनपंखांच्या माश्या

"बायकोनं पंख छाटले तुझे, धर्माजी! बोटीवरचा आचारी तू, आणि इथं बेव्हर्ली पार्कातल्या फ्लॅटात कांदे निवडत बसलायस!"

बाहेरच्या खोलीत ईश्वर, मंदाचा दीर, ओरडत होता. बोटीच्या कंपनीचा पुन्हा फोन आला होता आणि धर्माजीनं नाही म्हणून सांगितलं होतं. मंदा पडद्याआड दुधावर लक्ष ठेवून उभी होती. दूध केव्हाच उतू गेलं होतं. धर्माजी हसला आणि पिशवी उचलून भाजीला गेला. पंखांचं मात्र मंदाच्या मनात रुतून बसलं.

त्यात धर्माजीची एक खोड. जेवायच्या आधी टेबलावर ओलं फडकं अंथरायचं. बोटीवर ताटं घसरू नयेत म्हणून तसं करतात. पण बिल्डिंग कुठं डोलतेय? फडकं दिसलं की मंदाला वाटायचं, याचा जीव अजून तिकडंच आहे.

अशीच वर्षं गेली. एकदा तो कोबी चिरत असताना तिनं विचारलंच, "अहो, भाऊजी म्हणाले ते खरं का? मी छाटले पंख?"

धर्माजीनं सुरी खाली ठेवली. "अगो, लांब दक्षिणेला एक बेट. वारा असा की डोक्यावर टोपी राहील तर शपथ! शोध करणाऱ्या माणसांना सोडायला गेलो होतो. तिथं कोबीसारखं झाड, त्याच्या पानांत माश्या. हुसकल्या तर चालत निघाल्या! पंखच नाहीत."

"कोणी तोडले?"

"कोणीच नाही. त्या माणसांतले एक साहेब सांगत होते, फार पूर्वी पंख होते. उडाल्या त्या वाऱ्यानं समुद्रात नेल्या. पानाला धरून बसल्या, त्यांचीच पोरंबाळं झाली. शिवाय पंख पोसायचं बळ वाचलं, ते अंड्यांच्या कामी आलं. होता होता पंख गेलेच."

मंदानं कोबीचं एक पान उलटून बघितलं. "मग मी वारा की पान?"

"तू पान गो. वारा आमचा ईश्वर."

"आणि ते फडकं?"

"हाताची सवय. दुसरं काय!"

धर्माजी वारला त्या दिवशीही सकाळी भाजीच्या गाडीपाशी उभं राहून त्यानं खालून नेहमीसारखी हाक दिली, "मंदा, कोबी की फ्लॉवर?"

"कोबी!" तिनं खिडकीतून सांगितलं.

पानं उलगडून, कीड बघून, तो कोबी घेऊन वर आला, तेव्हा मंदानंच टेबलावर फडकं ओलं करून अंथरलं होतं.