खालांपुढं सरळ उभं राहताना

परवा एका दुकानात वाळ्याच्या पडद्यावर कुणीतरी पाणी मारलं, आणि त्या ओल्या वासासरशी मला उस्मानपुऱ्यातल्या माझ्या घरमालकिणीची, खालांची ओसरी आठवली.

कॉलेजात जाणारा आमच्या घरातला मी पहिलाच. शहरात खोली मिळाली नसती तर गावी परतावं लागलं असतं. "मालकिणीच्या पाया पड, मगच बोल," आबांनी बजावलं होतं. मी वाकलो, तर खालांनी चटकन पाय मागं घेतले. माझा चेहरा उतरला. वाटलं, खोली गेली.

"अरे बेटा, घाबरतोस काय? आमच्यात झुकायचं ते फक्त खुदासमोर. सरळ उभा राहा आन् सांग, काय शिकणार?"

मी उभा राहिलो. हातांचं काय करावं तेही कळेना. मग त्यांनीच हात कपाळाशी नेऊन आदाब करून दाखवला. मी तसाच केला आणि उभ्यानंच खोली मागितली.

"लई ताठ नको रे, पोलीस वाटतोस!" त्या हसल्या आणि किल्ली पुढं केली.

तेव्हा नुसता खोलीचा आनंद होता. आमच्या घरात जो तो वाकूनच मागत आलेला. सरळ उभं राहून मागितलेली पहिली गोष्ट म्हणजे ती खोली, हे मला फार उशिरा उमगलं.