जयराज आला की

अंकिता नेमकं काय काम करते, हे तिच्या गावात कुणालाच धड ठाऊक नाही. कुणी बंद पडलेला प्रिंटर घेऊन येतं, कुणी मोबाईलवर सातबारा उघडत नाही म्हणून येतं. ती बिचारी सगळ्यांचं करून देते. मी असते तर एकेकाला दारातूनच परत पाठवलं असतं. मी अफसाना, तिची शाळेपासूनची मैत्रीण. पाटणच्या पेठेत माझं चष्म्याचं दुकान आहे आणि माझी जीभ तिखट आहे, हे माझी गिऱ्हाइकंच सांगतील.

तिचं गाव पाटणच्या वर, कोयनेच्या अंगाला. तिनं सांगलीला इंजिनिअरिंग केलं, पुण्यात नोकरी धरली आणि वडील गेल्यावर आईला एकटं ठेवायचं नाही म्हणून लॅपटॉप घेऊन घरी परत आली. कंपनीनं घरून काम करायला दिलं. थोरला भाऊ जयराज फौजेत. त्यामुळे घरात दोघीच, अंकिता आणि तिची आई बनुकाकू.

त्या घराचं परसदार कितीतरी दिवस सुतळीनं बांधलेलं होतं. बिजागरी निखळली होती. सुतार चार घरं सोडून राहतो, हाक मारली तर ओ देईल. पण काकूंचं उत्तर ठरलेलं, "जयराज आला की करंल." पाण्याची टाकी गळते, जयराज आला की. बांधाची मोजणी करायचीय, जयराज आला की. आमच्याकडं फौजी माणसाच्या घरी हे असंच असतं. जवान सुट्टीवर येतो, पहिल्या दिवशी ओवाळून घेतो आणि दुसऱ्या दिवसापासून बैलासारखा राबतो. सगळ्यांना वाटतं, घरच्यांना त्याची किंमत नाही. खरं उलटं असतं. पोराशिवाय घर अडून राहिलंय, हे दाखवण्यात आईला एक सुख असतं.

दुसरी रीत त्याहून वाईट. जवानाला घरची वाईट बातमी कळवायची नाही. "त्यो तिकडं बंदूक घिऊन हुबा हाय, त्याच्या डोक्याला घोर कशाला?" हे वाक्य मी या भागातल्या निम्म्या घरांत ऐकलंय आणि दर वेळी माझं डोकं सणकलंय.

एका बाजारच्या दिवशी काकू दुकानात आल्या आणि चष्मा काउंटरवर आपटून म्हणाल्या, "तुजा चष्मा बाद हाय पोरी. कडंचं कायबी दिसत न्हाई." वळताना त्या शेजारच्या स्टुलाला धडकल्या. स्टूल लाल रंगाचं आहे, कुणालाही दिसेल असं. मी नवा चष्मा दिला नाही. अंकिताला बोलावलं आणि दोघींना साताऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडं धाडलं.

काचबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांना. हा रोग नजर कडेनं खात आत येतो, दुखत नाही, खुपत नाही. डॉक्टरनं थेंब दिले आणि सांगितलं, नुसत्या थेंबांवर भागणार नाही, मिरजेला जाऊन ऑपरेशन करा आणि उशीर करू नका. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली तेवढी वाचवता येते.

अंकितानं मिरजेची वेळ घेतली, गाडी दारात आणली. काकू ओट्यावर बसल्या त्या उठेचनात. "आपरेशनला पोरगा पायजे उशाला. जयराज आल्याबिगार मी न्हाई जायाची."

"आई, दादाला मी कळवते. ईल त्यो."

"त्याला एक शबुद जरी कळवलास, तर माजं मेलेलं तोंड बगशील."

झालं. गाडी रिकामी परत गेली. डोळ्यांचं ऑपरेशनही त्या परसदारामागं जाऊन रांगेला लागलं.

जयराज दिवाळीला यायचा होता. सुट्टी पुढं गेली. मग संक्रांतीला येणार होता, तेही हुकलं. मग गावच्या जत्रेवर सगळ्यांनी आशा लावली. तो व्हिडिओ कॉल करायचा तेव्हा काकू पदर नीट करून बसायच्या, "समदं झ्याक हाय" म्हणायच्या. पण त्यांचं तोंड फोनच्या जरा बाजूला असायचं. "आई, हिकडं बग की," तो हसून म्हणायचा. मग अंकिता फोन हळूच वळवून त्यांच्या नजरेसमोर धरायची. मी एकदा तिथं होते. मला बघवलं नाही, मी उठून चहा टाकायला गेले.

त्यानंतर एकदा अंकिता दुकानात आली ती खुशीत. बऱ्याच दिवसांनी तिचा चेहरा उजळलेला दिसला. कंपनीत सगळ्यांना छळणारा एक बिघाड तिला सापडला होता. मी म्हटलं, मला समजेल असं सांग, नाहीतर नुसता चहा पी.

"कॉम्प्युटरच्या पोटात एक कारभारी असतोय, त्याला कर्नेल म्हणत्यात," ती सांगायला लागली. "प्रोग्राम आपल्या घरी काम करत असतोय. काय लागलं की कारभाऱ्याच्या वाड्यात जातोय, काम उरकून घरी परत येतोय. आता कवा कवा त्याच्यासाठी असं काम निघतंय, जे दुसऱ्या कुणी करून चालत न्हाई. त्याच्याच हातनं व्हायला पायजे. मग ते त्याच्या नावानं रांगेला लावून ठेवायचं. त्यो घराकडं निघाला की उंबरा ओलांडायच्या आधी ती समदी कामं करतोय."

"म्हणजे जयराज आला की," मी म्हणाले.

ती खळखळून हसली. "व्हय की! अगदी तसंच. पर त्यो वाड्यातच कशाची तरी वाट बघत झोपून राहिला तर? काम हिकडं पडून आणि त्याला पत्ताच न्हाई. मग त्याच्यासाठी थांबलेले बाकीचेबी अडकत्यात. आमच्या मशिनी अशाच अडकायच्या. काम रांगेला लावतानाच सांगता येतंय, नुसतं लावून ठेव, का लावून त्याला हलवून उठीव. ज्यानं लिहिलंवतं त्यानं नुसतं लावून ठेवलंवतं. मी उठवायला लावलं. एक शब्द बदलला बग, बास."

"मग घरातबी तेवढंच कर की."

तिचं हसू मावळलं. तिनं कप खाली ठेवला.

"आईनं शपथ घातलीय गं."

"शपथेनं कुणी मरत नाही. काचबिंदूनं डोळे मात्र जातात. फोन कर. नाहीतर नंबर दे, मी करते."

"तुला काय जातंय बोलायला?" ती एकदम उसळली. "बाबा गेले तवा मी पुण्यात हुते. तोंडात पाणी घालायला न्हवते मी. आता आईच्या शपथेवर पाय देऊ व्हय? तू मधी पडू नको, अफसाना."

मी तोंडाला येईल ते बोलले. अर्धा चहा टाकून ती निघून गेली. पुढं बरेच दिवस आम्ही बोललो नाही. मला तिचा राग आला होताच, पण त्याहून जास्त कीव यायची. अख्ख्या जगाच्या मशिनी उठवणारी पोरगी आपल्या सख्ख्या भावाला उठवायला घाबरत होती.

जत्राही जयराजशिवाय झाली.

उन्हाळ्यात एका दुपारी अंकिता घरात मीटिंगला बसली होती. बाहेर ऊन असं, की अंगणातल्या कुरडया बघताना डोळे दिपावेत. परसदाराशी खुडबूड ऐकू आली म्हणून तिनं वळून बघितलं. काकू सुतळीची गाठ चाचपत होत्या. बोटं गाठीवरून जात होती, पुन्हा मागं येत होती.

"अंके," त्या म्हणाल्या, "लाईट गेली काय गं?"

अंकितानं मीटिंग तशीच टाकली आणि जयराजला फोन लावला. रडत रडत सगळं सांगितलं. मग मला लावला. मला एवढंच म्हणाली, "केला गं फोन." मी दुकानाचं शटर ओढलं आणि तिच्याकडं गेले.

जयराजच्या साहेबांनी त्याला ताबडतोब सोडलं. आठवडा उलटायच्या आत तो दारात होता. आल्या पावली त्यानं आईला मिरजेला नेलं आणि काकू एक शब्द न बोलता गाडीत बसल्या. डाव्या डोळ्यात काहीच उरलं नव्हतं. उजव्यात उजेड आणि सावली, एवढंच. तो उजेड टिकावा म्हणून ऑपरेशन केलं. डॉक्टरनं एवढंच विचारलं, वेळेवर का आणलं नाही?

ते परत आल्यावर मी काळा चष्मा घेऊन गेले. काकू ओट्यावर बसल्या होत्या. जयराज परसदाराला नवी बिजागरी ठोकत होता. अंकिता त्याला खिळे देत होती. त्यानं हातातलं काम न थांबवता, तिच्याकडं न बघताच बोलायला सुरुवात केली.

"आमच्या तुकडीत कुणाच्या ना कुणाच्या घरनं फोन येतोय. आय आजारी, बाप पडला. सायब लगीच सोडत्यात. मला कवाच फोन आला न्हाई. मी समद्यास्नी सांगायचो, आमच्या घरचं लय बेस हाय, काय काळजीच न्हाई." दोन घाव घालून तो थांबला. "दाराला कोणबी चाललं असतं गं. सुतार न्हवता व्हय गावात?"

 खिळ्यांची मूठ अंकितानं इतकी आवळली होती, की मीच ती सोडवून घेतली.

"झालं व्हय रं दार?" ओट्यावरून काकूंनी हाक मारली.

"झालं आई."

"ये मग, बस जरा जवळ." तो हातोडी घेऊनच त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. काकूंनी मान माझ्या आवाजाच्या रोखानं वळवली. "अफसाना, तुजी नजर चांगली हाय. खरं सांग, ह्यो वाळलाय का गं? फोनवर कवा खरं सांगत न्हाई."

जयराजची गालफडं बसली होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यानं माझ्याकडं बघून 'सांगू नको' अशी मान हलवली. माझ्या तिखट जिभेला त्या दिवशी एवढंच सुचलं, "न्हाई काकू. चांगला भरलाय अंगानं."

"मग बरं," म्हणत काकूंनी त्याच्या तोंडावरून फिरवायला हात पुढं केला. तो हात त्याच्यापासून वीतभर बाजूला, मोकळ्या हवेत थांबला. अंकिता पुढं झाली. फोन वळवायची तसाच तिनं तो हात हळूच वळवला आणि त्याच्या गालावर टेकवला.

"केवढा घाम आलाय रं तुला," काकू म्हणाल्या आणि पदरानं त्याचं तोंड पुसायला लागल्या.