यल्लाप्पाचे बूट

आमच्या के. आर. पुरम वस्तीत पंचेचाळीस वर्षं एक कुजबुज फिरत होती: एकोणऐंशी साली यल्लाप्पा मलेशियातल्या फुटबॉल स्पर्धेला गेला नाही, कारण तिथे बूट सक्तीचे होते आणि हा पठ्ठ्या अनवाणीच खेळायचा. ती पसरवण्यात अस्मादिकांचा वाटा मोठा.

यल्लाप्पा मूळचा खानापूरकडचा. इथल्या विमानाच्या कारखान्यात पंखांना रिव्हेट मारायचा आणि कारखान्याच्या संघात लेफ्ट आउटला खेळायचा. कुणी फार खोदून विचारलं की ठसक्यात म्हणायचा, "पन्नास साली ब्राझीलच्या वर्ल्डकपला अख्खा देश बुटांपायी गेला नाही, तिथे मी कोण?" देशाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला पुढे काय विचारणार? एकोणऐंशी साली अनवाणी कोण खेळतं, हा साधा प्रश्न आम्हा शहाण्यांना कधी सुचला नाही.

परवा त्याची सोळा वर्षांची नात शिवानी मुलींच्या संघात निवडली गेली. स्पर्धा भूतानला. होकार संध्याकाळपर्यंत कळवायचा होता. यल्लाप्पा आणि मी बाय-टू, म्हणजे एकीतली अर्धी-अर्धी, कॉफी घेत बसलो होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "मी नाही जात. एवढ्याशा स्पर्धेला कोण विचारतंय? अज्जा तरी कुठे गेले? तरी लोक अण्णा अण्णा करतातच."

"बूट चावतात वाटतं तुझे?" मी खोडी काढली.

"तसंच सांगेन. अज्जांचं खपलं, देशाचंही खपलं. पन्नास साली बूट हे कारण नव्हतंच, काका, मी वाचलंय. लांबचा प्रवास, सराव कमी, आणि फुटबॉलवाल्या साहेबांना ऑलिंपिक मोठं वाटायचं, वर्ल्डकप किरकोळ. बुटांची गोष्ट ऐकायला बरी, म्हणून तीच टिकली."

यल्लाप्पाने कप खाली ठेवला. कान लालबुंद. "स्वल्प थांब. साहेबांनी किरकोळ म्हटलं, आणि आपली पोरं आजवर त्या मैदानावर उतरलेली नाहीत. मलाही पुन्हा कुणी बोलावलं नाही."

"मग तुम्ही का गेला नाहीत?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "ह्याला आधी बाहेर काढ."

"ह्याची कॉफी संपायची आहे," मी म्हणालो.

शेवटी त्याने सांगितलं. शिवानी पोट धरधरून हसली. "मला वाटलं फक्त मलाच!" म्हणाली आणि तिथल्या तिथे फोनवर होकार कळवून मोकळी झाली.

"खिडकीशीच बस," यल्लाप्पा म्हणाला. "आणि पंखाकडे बघत राहा."

बूट अगदी मापाचे होते. यल्लाप्पाला विमानात बसायची भीती वाटत होती.