फियाटले ओम्नीचे आरसे

आमच्या बुढ्याचं बूड एका जागी टेकन तं शपथ! चहा अर्धा ठेवून उठते, अंगनातल्या फियाटमंधी जाऊन बसते, आरसा इकडे वळवते, तिकडे वळवते, उतरते, पुन्हा बसते. मी म्हनलं, "अजी, चहावर साय आली, आता तरी प्या." तं म्हनते, "थांब ना वं शालू, आज शुक्रवार झाला." जसा काई शुक्रवार मीच आनला!

रविवारी नागपूरचा एक जन गाडी घ्याले येनार होता. ठरवलं कोनी? आमच्या स्वप्निलनं, पुन्यात बसून. पोरगा वाईट नाही, पन बापाची त्याले भारी काळजी, अन् काळजी पडली का तो कोनाचं ऐकत नाही. झालं असं, का उन्हाळ्यापासून बुधाजीची मान आखडली. बुधाजी म्हंजे आमचे हे. नाव घेतलं तं काय होते आता, लगनाले जमाना झाला. मनक्यात काईतरी घासते म्हने. मागं पाहा म्हनलं तं सारं अंगच वळते. गल्लीतून गाडी मागं घेता घेता डोमाजी दूधवाल्याच्या मोटरसायकलले धक्का लागला, कॅन आडवी झाली, दूध नालीत. डोमाजी बिचारा काई बोलला नाही, पन गल्ली चूप बसते का? गोष्ट पुन्यापर्यंत गेली.

"बाबा, मागचं दिसत नाही तर गाडी नको," स्वप्निल फोनवर म्हनला. "विकून टाकू."

अरे, हा मानूस परतवाडा डेपोचा एसटी ड्रायव्हर! सारी नोकरी धारनीच्या घाटात काढली, कोनाले खरचटलं नाही. रिटायर झाल्यावर हौसेनं ही जुनी फियाट घेतली. त्याले म्हनाचं, गाडी नको? आठवडाभर धड जेवले नाही. मंग एका सकाळी अकोल्याची गाडी धरली, अन् संध्याकाळी भंगारातून ओम्नीचे दोन आरसे घेऊन आले. फडक्यात गुंडाळून, जसे काई अंडे हायेत.

फियाटचे मूळचे आरसे बशीएवढे, त्यात आपलंच नाक दिसाचं. ओम्नीचे मोठे, पन ते त्या दरवाज्याचे नाहीत ना! फियाटचा दरवाजा फुगीर, आरसा ठेवला तं खाली फट. ट्यूबचं रबर कापून फटीत घातलं. मंग समजलं का समोरच्या तिकोन्या काचेची पट्टी मधात येते, अर्धा रस्ता गायब. पुन्हा दुसरीकडे भोकं पाडले, पहिल्या भोकात पुटीन भरलं. रोडवर नेली तं पत्रा पातळ, आरसा असा थरथरे का मागचा एक ट्रक चार दिसे. मंग दरवाजा आतून खोलला, लोखंडी पट्टी लावली, बोल्ट आवळले. बोटाचे सालटे निघाले. मी हळद लावाले गेली तं माह्यावरच डाफरले.

मीबी डाफरली. "टाका विकून एकदाची! घरात ना झोप ना जेवन!"

म्हनून तं बसली, पन माहाच जीव खालीवर झाला. गाडी गेली तं ह्या मानसानं सकाळी उठून कराचं काय?

शनिवारी स्वप्निल आला. आरसे हलवून पाहिले, एक काई हालला नाही. तोंडानं वा म्हननार नाही, बापाचाच पोरगा! म्हनला, "तिवस्यापर्यंत जाऊन येऊ. बाबा चालवतील, मी बाजूला बसतो. आई, तू मागं बस. कुणी काही सांगायचं नाही. बाबांना जमलं तर त्या माणसाला नाही म्हणून कळवतो."

मागच्या सीटवर मी कदी बसलीच नोयती. पाय कुठं ठेवू ते समजे ना.

गल्लीतून गाडी मागं अशी घेतली बापा, कोनाच्या भिंतीले वारा लागला नाही! नागपूर रोडवर मागचा ट्रक ह्यायनं स्वप्निलच्या आधी पाहिला अन् बाजूनं जाऊ देला. तिवस्यात चहा पेलो. मी मनात म्हनलं, जमलं बाई!

गाडीत बसता बसता स्वप्निल म्हनला, "आई, घरून निघताना तू मागून काय ठकठक करत होतीस? आता काही करू नकोस."

नाही केलं. इंजिन सुरू, दोन्ही आरशात रस्ता मोकळा. अन् हे बसले ते बसलेच.

"बाबा, निघा ना. मागं कुणी नाही."

"दिसून राहिलं मले."

"मग?"

मागून एक जीप आली, हॉर्न मारत गेली. रस्ता पुन्हा मोकळा, तरी गाडी हालत नाही. स्वप्निलनं खिशातून फोन काढला. मले वाटलं, आता हा त्या मानसाले 'या' म्हनते.

आता ती ठकठक काय होय, ते ऐका. एसटीत कंडक्टरनं डबल बेल देल्याबिगर ड्रायव्हर गाडी हलवत नाही, रस्ता दिसो का न दिसो. ह्यायची ती सवय फियाटमंधीबी गेली नाही. इथं कंडक्टर कोन? मी. डॅशबोर्डवर बोटानं दोनदा वाजवलं का गाडी निघाली. त्यायनं कदी सांगतलं नाही, मी कदी इचारलं नाही.

जाऊ दे म्हनलं पोराचं, अन् दरवाज्यावर दोनदा वाजवलं. गाडी निघाली.

स्वप्निल मागं वळला. माह्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं.

"आई, आरसे बरोबर आहेत. पण तू ठोकल्याशिवाय बाबा निघतच नाहीत. उद्या तू नसलीस तर?"

असं इचारते का कोनी मायले? राग आला मले. डोळेबी भरले, खोटं काहून बोलू?

ह्यायनं रस्त्यावरची नजर काढली नाही. म्हनले, "ते नसली तं मले जाचं कुठं हाये?"

थोडं समोर गेल्यावर स्वप्निलनं गाडी बाजूले घ्याले लावली. खाली उतरून नागपूरच्या मानसाले नाही म्हनून फोन केला. मंग माह्या बाजूचं दार उघडलं अन् म्हनला, "आई, पुढं बस."