वत्सलाबाईसारखं मशीन

बाकीच्या ठिकाणी किस्से घडतात म्हणे. आमच्याकडे ते केरासारखे साचायचे, रोज झाडलं तरी उद्या तेवढेच! रामदासपेठेतल्या एका डोक्याच्या दवाखान्यात मी बायांच्या वॉर्डात आया होते. त्यातले वत्सलाबाईचे तेवढे सांगते.

वत्सलाबाई पारशिवनीची. नवरा वारलेला, लेक नंदा मामाकडे वाढलेली. बाईची बिमारी अशी की कधी आभाळात, कधी विहिरीत. चढली की अख्ख्या वॉर्डाच्या वेण्या घालणार, गाणी म्हणणार, झोपेचं नाव नाही. उतरली की भिंतीकडे तोंड. डॉक्टरसाहेब त्याचं लांबलचक इंग्रजी नाव घ्यायचे. आम्ही सकाळी विचारायचो, "आज मेल का मालगाडी?"

"आज यार्डातच उभी आहो वं!" ती सांगायची.

त्या उन्हाळ्यात नंदाचं लग्न ठरलं. आणि भाऊ नारायण येऊन सांगून गेला, "ताई, तू येऊ नको. मांडवात चढली म्हणजे?" त्या दिवशी बाई जेवली नाही.

*

त्याच दिवसांत दवाखान्यात कॉम्प्युटर आला! इंजिनिअरिंग कॉलेजचे काळे सर म्हणाले, "वत्सलाबाईंसारखं बोलणारं मशीन करायचं. शिकाऊ डॉक्टर आधी त्याच्याशी बोलतील, मग पेशंटशी."

वत्सलाबाईनं विचारलं, "म्हणजे माही नक्कल? मग लग्नाले तिलेच धाडा न! नारायणले चालते का पाहा."

काळे सर हसायला गेले आणि मधेच थांबले.

*

सर रोज तिला प्रश्न विचारत आणि उत्तरं टाइप करत. बाई तेव्हा चढतीला. एका प्रश्नाला पारशिवनीपासून धरमपेठेपर्यंत उत्तर! सरांची बोटं मागंच.

"सर, मशीनले राहू द्या," ती म्हणाली, "आधी तुम्हीच जलदी शिका!"

*

मग एक दिवस मशीन बोललं. म्हणजे पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली. सरांनी अर्थ सांगितला, "मी फार आनंदात आहे." एक बटन दाबलं. "मी फार दुःखी आहे."

मी म्हटलं, "हा तर घरातला लाइट झाला! बाई अशी खटक्यावर चालली असती तर हिला इथं कोणी आणलं असतं?"

वत्सलाबाई पडद्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "मी खुशीत असली का 'खुशीत आहो' म्हणायले मले टाइम कुठं राहते?"

डॉक्टरसाहेबांनी सरांच्या पाठीवर थाप मारली. "लिहा, लिहा!"

*

मशीनला थंडावा लागतो, असं सर सांगून गेले होते. मे महिना, नागपूर! आम्ही वाळ्याचा कूलर उचलला, मशीनच्या तोंडाशी लावला आणि वरून बादलीभर पाणी ओतलं. पेशंट उकडून निघत होते, मशीनची चैन!

दुपारी पडदा काळा. ओल्या हवेनं आत काय झालं देव जाणे. सर आले, बटनं दाबून दमले, खाली बसले.

वत्सलाबाई शेजारी जाऊन बसली. "बोलून नाही राहिलं का? मग आता जमलं तुमचं मशीन! आता त्याले काही विचारू नका. नुसतं जवळ बसा."

*

मशीन दुरुस्त झालं तसा नारायण पुन्हा आला. त्यानं बर्डीच्या बाजारात कॉम्प्युटरनं काढलेली जन्मपत्रिका पाहिली होती. सरांना म्हणतो, "लग्नाची तारीख टाका न. त्या दिवशी ताई चढती राहीन का उतरती?"

"तसं सांगता येत नाही हो," सर म्हणाले. "मी शिकवलं तेवढंच त्याला येतं."

"मंग एवढी लाइट काहून जाळून राहिले?"

माझं डोकं सटकलं. "नारायणभाऊ, तुमचीच तारीख टाकू का? त्या दिवशी तुम्ही पिऊन याल का बिनपिता?"

डॉक्टरसाहेबांनी खोकल्यात हसू लपवलं आणि सांगितलं, "गोळी चालू आहे, बाई ठीक आहेत. आया सोबत जाईल. त्यांना लग्नाला न्या."

*

तर आम्ही पारशिवनीला गेलो! नारायण दिवसभर बहिणीच्या मागं. ती हसली की माझ्याकडे धावत यायचा, "जास्त हसली का वं?" गप्प बसली की, "उतरली का?" मी म्हटलं, "अहो, तिचे पाय दुखून राहिले!"

पाठवणीची वेळ आली. नंदा गळ्यात पडली आणि वत्सलाबाईनं असा हंबरडा फोडला की वाजंत्री थांबली. वरमाई बघायला लागली. नारायण पळत आला, माझ्या पिशवीतून गोळी काढली, पाण्याचा गिलास घेतला. मी ओरडले, "सकाळीच घेतली तिनं!" ऐकतो कुठं? डोळ्यांतून धारा, नाक वाहतंय, आणि बहिणीला म्हणतो, "ताई, हे रडणं कोणतं वं? बिमारीचं का लेकीचं?"

वत्सलाबाईनं पदरानं डोळे पुसले. गोळी त्याच्या हातातून घेतली, पदराच्या गाठीत बांधली. आणि गिलास त्याच्याच तोंडाला लावला.

"तू पी गा. तूच जास्त रडून राहिला."