करवंटीचा खुळखुळा

मोठ्या लेकीचं लग्न जमत आलं होतं, तेव्हा मुलाच्या आईचा फोन आला: "शुक्रवारी जेवायला या, मग सगळी मिळून म्युझियम बघून येऊ." रियाधमध्ये घरातलं बोलणं संपलं की लोक मॉलमध्ये जातात. या बाईंना नेमकं म्युझियम सुचावं!

मुलाकडचे रत्नागिरीचे, रियाधच्या अल सुलै भागात त्यांचं गोदाम. आम्ही रायगडचे, एवढंच त्यांना माहीत होतं. माझी आई सिद्दी, शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून कोकणात आलेल्यांपैकी, हे आम्ही सांगितलं नव्हतं. नवऱ्याला त्याचं कधीच काही वाटलं नाही. पण आमच्यात आधी रंग आणि केस बघतात, मग मुलगी. मोठीचे केस सरळ. धाकटीचे माझ्या आईसारखे, कंगवा तुटेल पण गुंता सुटणार नाही.

आफ्रिकेच्या दालनात शिरलो आणि मी जागीच थांबले. काचेआड करवंटीचा खुळखुळा ठेवला होता. आत खडे भरायचे, वर कापड शिवायचं, आणि उरुसात ढोलाबरोबर बायकांनी वाजवायचा, तोच. खाली अरबीत आणि इंग्रजीत पाटी: गुलामांबरोबर समुद्रापार गेलेलं वाद्य, परंपरा आता लुप्त. लुप्त म्हणे! गेल्या सुट्टीत माझ्या मामीने धाकटीला शेजारी बसवून हाच वाजवायला शिकवला होता, आणि पोरगी तो हातातून ठेवायला तयार नव्हती. मेल्यांनी एकदा आमच्या मुरुडला येऊन विचारायचं तरी. पण हे तोंडातून काढायची माझी काय टाप!

मुलाची आई पाटी वाचून म्हणाली, "गुलामांचं वाजवणं. जंजिऱ्याकडे आहेत ना भाबी, तसले लोक?"

"असतील," मी म्हणाले.

तेवढ्यात तिथली गाइड, एक हसतमुख सौदी मुलगी, मुलांकडे वळली. हे कसं वाजवतात, कुणाला माहीत आहे का, असं तिने इंग्रजीत विचारलं.

धाकटीचा हात वर गेला. शाळेत ही न विचारताही उत्तरं देते. मोठीने माझं मनगट घट्ट धरलं. तिचं ठरलेलं सगळं आता या एका वाक्यावर होतं. मला वाटलं, खलास. डोळ्यांनी खुणावायचंसुद्धा मला सुधरेना.

धाकटीने माझ्याकडे पाहिलं, मग मुलाच्या आईकडे. वर गेलेला हात तिने डोक्यावर नेला, कुरळे केस कानामागे दाबले आणि म्हणाली, "नो मॅम. आय डोन्ट नो."

"लाजाळू आहे," मुलाची आई हसली.

माझ्या जिवात जीव आला, आणि लगेच मला दुसरीच भीती वाटू लागली. लपव म्हणून मी तिला कधीच सांगितलं नव्हतं.

परतताना गाडीत ती माझ्या कानाशी आली. "मम्मी, मैंने ठीक बोला ना?"

हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?