आल्विनची तासभर आधीची घंटा

आल्विन डिप्पेलनं फोगल्सबेर्गच्या आमच्या गावात चौतीस वर्षं चर्चची घंटा ओढली, पण एक मिनिट इकडचं तिकडे होऊ दिलं नाही. आज त्याचा शेवटचा रविवार. पाद्री सगळ्यांसमोर त्याच्या वक्तशीरपणाचं कौतुक करणार होते. नेमका आजच घोळ झाला तर चौतीस वर्षांवर पाणी!

त्यात हा मार्चमधला शेवटचा रविवार, म्हणजे उन्हाळी वेळ सुरू, घड्याळं तासभर पुढे. सून सिल्केनं त्याला रेडिओवर चालणारं गजराचं घड्याळ दिलं होतं.

"बाबा, याला हात लावू नका हं. माइनफ्लिंगेनचा रेडिओचा मनोरा दर सेकंदाला खूण पाठवतो, एखादी आखूड, एखादी लांब. मिनिटभराच्या खुणा जुळवल्या की घड्याळाला तास, तारीख, उन्हाळी वेळ, सगळं कळतं. रात्री आपोआप लागतं ते."

आपोआप म्हणे! शनिवारी संध्याकाळी घरातलं एकूणएक घड्याळ पुढे केल्याशिवाय आमच्याकडे कुणाला झोप येत नाही. आल्विननं मागचं एक बटण दाबलं, आकडा तासभर पुढे सरकला, आणि गडी निवांत झोपला.

सकाळी त्या घड्याळात साडेआठ वाजले तसा त्यानं दोर ओढला. थोड्या वेळात माणसं धापा टाकत आली. कुणाची बटणं उघडी, पाववाल्या हेडविगच्या हाताला पीठ. सगळ्यांत शेवटी गालावर साबणाचा फेस घेऊन पाद्री आले.

"अरे आल्विन, आत्ता कुठे साडेसात होऊन गेलेत!"

सिल्केनं घरी धावत जाऊन घड्याळ आणलं. "बाबा, बटण दाबलंत ना? ते परदेशातल्या वेळेचं आहे! एक तास तुम्ही दिलात, दुसरा रात्री मनोऱ्यानं."

आल्विन मटकन बाकावर बसला. लाजेनं त्याला वर बघवेना.

त्याची बायको गेर्लिंडे मात्र कमरेवर हात ठेवून लोकांकडे वळली. "आणि तुम्ही हो? तुमची काय घड्याळं बंद होती?"

"छे!" हेडविग म्हणाली. "माझं साडेसातच दाखवत होतं. म्हटलं, काल पुढे करायचं राहिलं वाटतं. केलं पुढे नि सुटले पळत."

"मीपण!" लोहार म्हणाला. मग मागून एकेक जण तेच सांगू लागला. गावातलं प्रत्येक बरोबर घड्याळ त्या सकाळी चुकीचं करून ठेवलेलं होतं.

"आल्विनकाकांची घंटा चुकेल, असं मनात तरी येईल का कुणाच्या?" हेडविग म्हणाली.

पाद्रींनी बाहीनं फेस पुसला. "झालं! सगळं कौतुक हिनंच करून टाकलं. आता मी भाषणात काय डोंबल सांगू?"

आल्विन हसता हसता रडायलाच लागला.